नलारबोर ओलांडण्याआधी

गजानना, विघ्नं दूर कर असं मी आज मागणार नाही. तू विघ्नहर्ता आहेस, ते काम तुझं आहेच. पण ज्या रस्त्याला आम्ही निघालो आहोत, त्यावरची निम्मी विघ्नं आम्ही स्वतः घरून भरून आणलेली असतात, आणि आपणच आणलेली विघ्नं तुझ्या गळ्यात घालून मोकळं होणं मला बरं दिसत नाही. माझं मागणं निराळं आहे. पुढे पाहायला तू डोळे दिलेस, ते अजून ठीक आहेत. मला मागचं भान दे. ज्याचं वजन मी ओढते आणि जे मला धड दिसत नाही, त्याचं भान.

सेड्यूनाहून नॉर्समनला जायचं आहे. दक्षिण ऑस्ट्रेलियातून पश्चिम ऑस्ट्रेलियात, नलारबोरचं मैदान ओलांडत, सुमारे १,२०० किलोमीटर, मुक्काम करत करत. पुढे आमची दणकट गाडी, मागे कॅरॅव्हान: पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर असं सगळं असलेलं चाकांवरचं घर. चालवणार मी. शेजारी हे, नकाशा आणि चहाचा थर्मास सांभाळत. पर्थला लेकीच्या घरी यंदा तू पहिल्यांदाच बसणार आहेस, तेव्हा चतुर्थीच्या आत पोचायला हवं. पण लवकर पोचव असंही मी म्हणत नाही. उशीर झालाच तर तू आमच्यासाठी थांबशील, इतकी आपली ओळख आहे.

देवा, तुझं वाहन उंदीर. तुझा तो थोरला देह आणि खाली एवढासा जीव. लहानपणी तुझं चित्र पाहताना मला उंदराचीच काळजी वाटायची. तुझ्या घरी ते चालतं, इथे चालत नाही. इथे ओढणाऱ्याचं वजन, ओढल्या जाणाऱ्याचं वजन आणि दोघांचं मिळून वजन अशा वेगवेगळ्या मर्यादा कागदावर लिहिलेल्या असतात, आणि विकणारा त्यांतला सगळ्यांत मोठा आकडा तेवढा खणखणीत आवाजात सांगतो. ही गाडी ३,५०० किलो ओढते, म्हणतो. पण गाडीतच माणसं, सामान, टपावरचं ओझं आणि भरलेली टाकी असली, तर पुष्कळ गाड्यांच्या बाबतीत दोघांच्या मिळून वजनाची मर्यादा त्याआधीच येऊन ठेपते, आणि ते ३,५०० किलो जाहिरातीतच राहतात. मोठे आकडे ऐकून हुरळणाऱ्यांत मला बसवू नकोस.

आमच्या कॅरॅव्हानच्या पाटीवर रिकामं वजन २,१५० किलो आणि भरून जास्तीत जास्त २,६०० किलो असं कोरलेलं आहे. म्हणजे संसाराला ४५० किलो. ऐकायला पुष्कळ वाटतं. त्यातले १६० किलो नुसत्या टाक्यांतल्या पाण्याचेच, कारण पाण्याचा प्रत्येक लिटर किलोभर भरतो. मग बाजूला लावायचा कापडी मांडव, खुर्च्या, जास्तीची बॅटरी, जॅक, अवजारं, पांघरुणं, आणि शेवटी माझं स्वयंपाकघर. प्रवासात कुकर कशाला, असं विचारणारे भेटतात. त्यांना रानात, थंडीत, वाऱ्यात गरम वरणभात जेवू घातला की पुन्हा विचारत नाहीत. पण कुकरचंही वजन असतंच, आणि डाळ-तांदळाचं त्याहून जास्त.

म्हणून मी म्हणते, निघण्याआधी वजनकाट्यावर जायची बुद्धी सगळ्यांना दे. आपल्याकडे साखर कारखान्याच्या काट्यावर काटामारी होते, अशी ऊस घालणाऱ्याची तक्रार असते. इथे कॅरॅव्हानवाले स्वतःच स्वतःची काटामारी करतात. 'आमचं काही फार नसतं हो', असं म्हणत सगळं भरतात, आणि काट्याकडे फिरकत नाहीत, कारण काटा काय म्हणेल ते त्यांना आतून ठाऊक असतं. काट्यावर उभं राहायला धैर्य लागतं आणि त्याचं ऐकून एखादी वस्तू खाली उतरवायला त्याहून जास्त. ह्यांची अवजारांची दुसरी पेटी उतरवायचं धैर्य मला आहे. माझा दगडी खलबत्ता उतरवायचं दे.

आणि वजन नुसतं बेतात असून भागत नाही, ते कुठे आहे हेही पाहावं लागतं. बैलगाडी भरणाऱ्या माझ्या आजोबांना कुणी शिकवावं लागलं नव्हतं की मागे जास्त भरलं तर गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं आणि बैलांच्या गळ्याला फास बसतो. कॅरॅव्हानचं तेच आहे. एकूण वजनाचा साधारण दहावा हिस्सा पुढच्या दांड्यावर, म्हणजे गाडीच्या टो-बॉलवर पडायला हवा. आमच्या हिशेबात २६० किलो. जड ते खाली आणि आसाजवळ, हलकं ते वर, आणि अगदी मागच्या टोकाला शक्यतो काहीच नाही. पण बाजारात नेमक्या त्या मागच्या टोकालाच सायकली, जास्तीची चाकं आणि पाण्याचे कॅन लटकवायच्या सोयी विकायला असतात, आणि घेणाऱ्याला वाटतं, जागा आहे तर लावू. आसावर ठेवलेले वीस किलो गुपचूप बसतात. टोकाला लटकवलेले वीस किलो वाट बघत असतात.

ते कशाची वाट बघतात, तेच आता बोलते. या सगळ्यात मला खरी भीती त्याचीच आहे. सरळ रस्ता, लख्ख ऊन, आणि उताराला वेग जरासा वाढलेला. बाजूने वाऱ्याचा झोत येतो, नाहीतर मोठा ट्रक ओलांडून जातो, आणि आरशात कॅरॅव्हानची कड डावीकडे सरकलेली दिसते. मग उजवीकडे. मग पुन्हा डावीकडे, मघापेक्षा थोडी जास्त. एका वेगापर्यंत ही हेलकावणी आपोआप विरते. त्या वेगापलीकडे विरत नाही, दर फेरीला वाढते. तो वेग कोणता, हे प्रत्येक जोडीचं निराळं. दांड्यावर वजन कमी, मागे जास्त, टायरात हवा कमी, की तो वेग खाली येतो आणि आपल्याला पत्ता नसतो. मग मागचं पुढच्याला फिरवू लागतं आणि दोन्ही मिळून रस्त्यात आडवी होतात.

त्या क्षणी, एकदंता, माझा पाय जोरात ब्रेकवर जाऊ देऊ नकोस, आणि हातांना स्टिअरिंग उलटसुलट फिरवायची बुद्धी देऊ नकोस. दोन्ही अगदी आपसूक होणाऱ्या गोष्टी, आणि दोन्ही घातक. चालक वळवतो तोवर कॅरॅव्हान दुसऱ्या बाजूला गेलेली असते, आणि त्याचं ते वळवणंच तिला पुढचा धक्का देतं. गाडीचा ब्रेक करकचून दाबला की मागचं अडीच टन पुढच्यावर चालून येतं. करायचं ते इतकंच, की पाय अलगद उचलायचा, चाक सरळ धरायचं, आणि डॅशखालच्या कंट्रोलरची कळ दाबून एकट्या कॅरॅव्हानचे ब्रेक लावायचे, म्हणजे ती मागून ताणली जाऊन ओळीत येते. हे मला तोंडपाठ आहे. पण पाठांतर डोक्यात असतं, आणि घाबरतो तो पाय. त्या दोन सेकंदांत पायाला डोक्याचं ऐकू दे. हेलकावा ओळखून आपोआप ब्रेक लावणारं यंत्र हल्ली मिळतं, आमच्या कॅरॅव्हानला ते आहे. त्याच्यावर माझा विश्वास आहे, पण त्याच्या जिवावर वेग वाढवण्याइतका नाही. पाटी ११० म्हणते, म्हणू दे. मला ९० पुरे.

गंमत बघ, हे सगळं ओढायला ऑस्ट्रेलियात वेगळा परवाना लागत नाही. साध्या गाडीच्या परवान्यावर माणूस अडीच टनांचं घर मागे लावून हमरस्त्याला लागू शकतो. निवृत्त झाल्याच्या दुसऱ्या आठवड्यात लागतोही. ज्यांनी आयुष्यात मागे काही ओढलेलं नाही, ज्यांना वळताना मागचं चाक कोपरा कापत आत येतं हे फुटपाथावर चढल्यावर कळतं, त्यांना सांभाळ. त्यांना कुणी हसू नये. पण त्यांना निदान एक दिवस रिकाम्या मैदानात, शिकवणाऱ्याला पैसे देऊन घालवायची सुबुद्धी दे. कॅरॅव्हानला लाखो खर्चणारा माणूस या एका दिवसाच्या फीला का कचरतो, हे कोडं तुलाच सुटलं तर सुटो.

जोडणीचे माझे हे उपचार गोड मानून घे, सिद्धिविनायका. टो-बॉल कपलिंगच्या बरोबर खाली येईपर्यंत गाडी इंच इंच मागे घ्यायची. पुढचं छोटं चाक फिरवत दांडा उतरवायचा, कडी बसल्याचा आवाज ऐकायचा, आणि त्या आवाजावर विश्वास न ठेवता तेच चाक उलटं फिरवून दांडा पुन्हा उचलायचा. गाडीची मागची बाजू त्याबरोबर वर आली, तरच कडी खरी बसली. मग दोन साखळ्या दांड्याखालून एकमेकींवरून तिरक्या, म्हणजे दांडा निसटलाच तर जमिनीत न रुतता त्यांच्या झोळीत पडेल. शॅकलच्या पिना हाताने घट्ट. मग एक बारीकशी तार, जिच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. कॅरॅव्हान गाडीपासून सुटली तर ही तार पिन उपसते आणि कॅरॅव्हानचे ब्रेक आपोआप लागतात. किमान पंधरा मिनिटं लागलेले राहावेत असा नियम आहे. जिथे आपण 'देव न करो' म्हणून हात जोडले असते, तिथे कुणा इंजिनिअरने आणखी एक पिन बसवली. ती बसवणाऱ्याला तुझा आशीर्वाद असो, कारण माझी खात्री आहे की ती सुचवलीस तूच.

दिव्यांचा प्लग लावायचा, आणि ह्यांनी मागे उभं राहून डावा, उजवा, ब्रेक असं ओरडून सांगायचं. पायरी आत, टपावरच्या खिडक्या बंद, गॅस बंद, चाकांखालचे ठोकळे काढले, छोटं चाक वर, हँडब्रेक सोडला. फ्रिजच्या दाराची खिट्टी विसरू देऊ नकोस, नाहीतर मुक्कामाला पोचावं तो दह्याने जमीन सारवलेली. टायरांचं वय पाहायचं, कारण कॅरॅव्हानचे टायर झिजून नव्हे, म्हातारे होऊन फुटतात. कडेला कोरलेल्या चार आकड्यांत कितवा आठवडा आणि कितवं साल ते दिलेलं असतं, २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी नवीकोरी दिसते आणि आत रबर वाळलेलं असतं. चाकांचे नट आवळायचे, आणि पहिले पन्नास-शंभर किलोमीटर गेल्यावर थांबून पुन्हा आवळायचे.

आणि हे सगळं चालू असताना, रोज, न चुकता, शेजारच्या कॅरॅव्हानमधला एखादा सज्जन कॉफीचा मग घेऊन गप्पा मारायला येतो. कुठून आलात, कुठे निघालात, रस्त्यात वारा कसा होता. माणूस चांगला असतो. पण पुष्कळ पिना अशाच गप्पांत लावायच्या राहतात. त्याला पाच मिनिटं दुसरीकडे गुंतव. जोडणी झाली की मी स्वतः त्याला चहा पाजीन.

चालत्या कॅरॅव्हानमध्ये माणसाने बसायला इथे कायद्याने बंदी आहे. तुला नाही. लेकीसाठी घेतलेली तुझी पितळी मूर्ती गोधडीत गुंडाळून पलंगाखालच्या कप्प्यात ठेवली आहे, बरोबर आसावर. तुझंही वजन हिशेबात धरलंय, रागावू नकोस, साडेसहा किलो. तुला या प्रवासाची सवय आहे. अनंत चतुर्दशीला पुण्या-मुंबईत तू ट्रॉलीवर उंच बसतोस, पुढे ट्रॅक्टर नाहीतर ट्रक, आणि मिरवणूक इतकी सावकाश की पुण्यात दुसरा दिवस उजाडतो. तेव्हा ओढलं जाणं कसं लागतं हे तुला माहीत आहे. खड्ड्यावरून जाताना मागे किती आदळतं, पुढच्याने हिसका दिला की काय काय हलतं, हे ओढणाऱ्याला कळत नाही. तू मागे असशील. चाकाचं बेअरिंग तापू लागलं, टायरातली हवा बसू लागली, एखादं झाकण सुटून फडफडू लागलं, तर मला पुढे कळव. टायरांना दाब सांगणारे सेन्सर लावले आहेत, त्यांच्यामार्फत कळवलंस तरी चालेल.

या रस्त्याला एअर हायवे म्हणतात. एडवर्ड जॉन एअर याने १८४०-४१ मध्ये हा मुलूख ओलांडला, आणि शेवटच्या पल्ल्यात त्याच्या सोबतीला वायली नावाचा एक आदिवासी तरुण होता. दोघं १८४१ च्या जुलैत ऑल्बनीला पोचले. रस्त्याला नाव एअरचं मिळालं. मी वायलीलाही हात जोडते, आणि या समुद्रकाठच्या मिर्निंग लोकांनाही, ज्यांना इथलं पाणी कुठे असतं ते एअरच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होतं. आम्ही १६० लिटर बरोबर घेतो आणि तरी नळ जपून सोडतो. हा रस्ता संपूर्ण डांबरी व्हायलाच १९७६ उजाडलं. त्याआधी धुळीतून घरं ओढत गेलेल्यांची आठवण ठेवूनच आजच्या गुळगुळीतपणाबद्दल बोलावं.

गुळगुळीत आहे, हीच इथली अडचण. बॅलाडोनिया आणि कायगुना यांच्यामध्ये १४६.६ किलोमीटर रस्ता एकदाही वळत नाही. तिथे झोप येते असं नाही, डोळे उघडे राहून मन निघून जातं. दर दोन तासांनी थांबायचं मला सुचव, मी दमलेली नसले तरीही. थांबले की चाकांच्या मध्यावर हात लावून बघायचं, कुठलं जास्त गरम आहे का. चहा घ्यायचा. दोन पंपांमध्ये कधी १८०-१९० किलोमीटरचं अंतर असतं, आणि समोरचा वारा असला की डिझेलचा काटा आपल्या डोळ्यांदेखत खाली येतो, कारण आम्ही एक भिंतच वाऱ्यात ढकलत असतो. वारा तुझा, त्याची दिशा तू ठरव. पण डिझेल भरायला मिळेल तिथे भरायचं, पुढच्या ठिकाणी स्वस्त मिळेल म्हणून थांबायचं नाही, ही अक्कल माझ्याकडे राहू दे. बुंडा कड्यांपाशी समुद्राकडून आडवा वारा येतो, तिथे वेग आणखी दहाने कमी करीन. हेड ऑफ बाइटला देवमासे आणि त्यांची पिल्लं बघायला अर्धा दिवस काढणार आहोत, त्याला तू हरकत घेणार नाहीस.

सीमेवर क्वारंटीनची चौकी आहे. पश्चिमेकडे जाताना ताजी फळं, भाज्या आणि मध पलीकडे नेता येत नाही, तिथली शेती आणि मधमाश्या जपायच्या म्हणून. तेव्हा चौकीपुढे नैवेद्याला केळं नाही, आणि पंचामृतात मध नाही. दूध, दही, तूप, साखर यावर भागव. पाचवं अमृत पर्थला पोचल्यावर तिथल्याच माश्यांकडचं घालू. आणि युक्लाच्या बाजूला घड्याळ पर्थच्या पाऊण तास पुढे असतं, तिथल्या लोकांनी आपलं आपण ठरवलेलं. आरतीची वेळ चुकली तर दोष त्यांना दे.

आता या रस्त्याच्या खऱ्या मालकांसाठी. ते ट्रकवाले. एका इंजिनामागे दोन-दोन, तीन-तीन ट्रेलर जोडलेल्या त्या रोड ट्रेन, उत्तरेकडे ५३.५ मीटरपर्यंत लांब. त्यांचा वेग १०० ला बांधलेला, माझा ९०, म्हणजे ते मला ओलांडणारच. त्यांच्या पुढचा वारा आधी मला बाहेर ढकलतो, मग त्यांची लांबी जाताना मला आत ओढतो. तेव्हा मला सरळ राहू दे, घाबरून कडेच्या खडीत उतरू देऊ नकोस. रेडिओच्या ४० नंबर चॅनलवर मी सांगते, 'तुम्ही बाहेर आलात की मी वेग कमी करते', आणि करते. पलीकडून एक शब्द येतो, कधी नुसतंच हुंकारल्यासारखं. त्या माणसाला वेळेत पोचव. आमचा हा हौसेचा रस्ता, त्याचा पोटाचा. आमच्यातले चार-पाच कॅरॅव्हानवाले एकमेकांना चिकटून रांगेने जातात तेव्हा त्याला मध्ये शिरायलाच जागा राहत नाही. लांब वाहनांनी आपापसात ६० मीटर आणि रोड ट्रेनच्या मुलखात २०० मीटर अंतर ठेवावं, हा नियम कुणी खोडसाळपणाने केलेला नाही.

आणि आमच्यातला एक दोष तूच घालव, माणसांच्याने जात नाही. साध्या रस्त्यावर मागे दहा गाड्यांची रांग घेऊन माणूस ८५ ने चालतो. ओलांडायला जादा पट्टा आला की त्यालाच कुठून तरी हुरूप येतो, रस्ता रुंद दिसतो, आणि तो १०० ला जातो. पट्टा संपला की पुन्हा ८५. मागच्यांच्या तोंडून जे निघतं ते तुझ्यापर्यंत पोचतच असेल. तो माणूस दुष्ट नसतो. त्याला आपल्या मागे कॅरॅव्हान आहे एवढं आठवतं. कॅरॅव्हानच्या मागे माणसं आहेत हे आठवत नाही. मला ते आठवू दे. थांब्याची जागा दिसली की कडेला घेऊन सगळ्यांना जाऊ देण्यात माझी पाच मिनिटं जातात, आणि माझ्याकडे वेळच वेळ आहे.

लंबोदरा, आता जे मागते ते मागायला मला जड जातं. पहाटे आणि तिन्हीसांजेला कांगारू रस्त्याच्या कडेला चरायला येतात. उजेड डोळ्यांवर पडला की बावरतात आणि पुढे काय करतील ते त्यांनाही माहीत नसतं. एखादा समोर आला तर मागे अडीच टन असताना गाडी वळवायची नसते. सरळ रेषेत जमेल तेवढा ब्रेक, आणि चाक सरळ. मी वळवणार नाही, हे तुझ्यासमोर आत्ताच सांगून ठेवते. शेजारी हे बसलेले असतात. समोरून कुणाची तरी लेकरं येत असतात. पण तो जीवही तूच केलेला आहेस, आणि त्याच्यावर गाडी घालायची तयारी मनात ठेवून मी तुझ्यापुढे हात जोडते आहे. मेलेल्या मादीच्या पिशवीत पिल्लू जिवंत असेल म्हणून गाडी थांबवून हात घालून पाहणारी माणसं या देशात आहेत. त्यांच्या हातांना पुण्य दे.

मला एवढंच दे, की तो प्रसंग येऊच नये अशी वेळ मी निवडावी. ऊन चांगलं वर आल्यावर निघावं आणि चारच्या सुमाराला चाकं थांबवावीत. 'अजून तासभर उजेड आहे, पुढच्या रोडहाऊसला पोचू की' असं हे म्हणतील. ते दर वेळी म्हणतात. त्यांना नाही म्हणायचा मऊ आवाज मला दे, आणि त्यांना तो ऐकू जाऊ दे. इथे वोम्बॅट आहेत, उंट आहेत, एमू तर धावत कुठल्या दिशेला वळेल याचा त्यालाच भरवसा नाही. अंधाराचा रस्ता त्यांना ठेवू.

या हायवेवर काही ठिकाणी डांबरावर पांढरे जाड पट्टे आखले आहेत. तिथे रस्ताच धावपट्टी होतो. दूरवर कुणी जखमी पडलं तर फ्लाइंग डॉक्टरांचं विमान तिथे उतरतं. १९२८ पासून ती माणसं या रिकाम्या मुलखात उडत जाऊन जीव वाचवतात. त्या पट्ट्यांवरून जाताना मी दर वेळी तुझं नाव घेते, माझ्यासाठी नाही. आज ज्यांच्यासाठी विमान उतरणार असेल त्यांच्यासाठी, आणि रस्ता अडवून धरून उन्हात उभ्या राहणाऱ्यांसाठी. समोरून येणारा प्रत्येक जण स्टिअरिंगवरचं एक बोट उचलून नमस्कार करतो, तो मीही करीन. तेवढ्या एका बोटाने या रस्त्यावर फार सोबत होते.

मदुरा खिंडीच्या चढावर इंजिनचं पाणी तापू देऊ नकोस. खालच्या गिअरमध्ये, घाई न करता चढीन. मागच्याला वाटलं म्हातारी रेंगाळते आहे, तर वाटू दे.

आणि शेवटचं एक, गणराया, हे मात्र अगदी मनापासून. नॉर्समनच्या कॅरॅव्हान पार्कमध्ये आम्हाला अशी जागा मिळू दे की एका बाजूने सरळ आत जाता येईल आणि सकाळी दुसऱ्या बाजूने सरळ बाहेर पडता येईल. कॅरॅव्हान मागे घ्यायला मला येतं. हात स्टिअरिंगच्या खालच्या कडेला ठेवायचा आणि मागचं टोक जिकडे जायला हवं तिकडे हात न्यायचा. मैदानात जमतं, एकटीने जमतं. पण मागे हे उभे असतात, एका हाताने 'ये ये' आणि दुसऱ्याने 'थांब' असं एकाच वेळी करत, आणि त्यातही नेमके आरशात न दिसणाऱ्या जागी. आजूबाजूचे खुर्च्या वळवून बसतात, त्यांची संध्याकाळची करमणूक होते. तशी जागा नसेलच, तर निदान ह्यांना आरशात दिसतील तिथे उभं कर, आणि आमचं जे काही बोलणं होईल ते मराठीत होऊ दे, म्हणजे शेजाऱ्यांना कळणार नाही. तुला कळेल, पण तू घरचाच.

चला, ब्रेकचे दिवे लागले म्हणतायत. मोरया.